वर्गणी, पावती पुस्तक आणि खाड्याचे पैसे

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब लिहायचं काम करते मी. बायकांवर आणि पोरापोरींवर होणारी मारहाण, छळ थांबावा म्हणून आमच्या गटानं वर्गणी गोळा केली, कार्यक्रम घेतले, त्याबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं की परवानगी लागते का, लोक खरंच देतात का, आणि पैसे शेवटी गेले कुठं. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते, मोठं होईल.

आधी हे सांगते की पैसे कशाला लागतात हेच आम्हाला पहिल्यांदा नीट माहिती नव्हतं. आमचा बचत गट आहे, दर महिन्याला जमतो, त्यात कवठेमहांकाळकडच्या एका खेड्यात दिलेली एक ताई माहेरी आल्यापासून यायला लागली. नवरा मारायचा, तिनं २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली केस केलेली. वकील फुकट मिळालेला, कारण विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. त्याच कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी अहवाल लिहून दिला त्यालाही पैसे पडले नाहीत. मग ही तारखा का चुकवते म्हणून आम्ही तिला जरा रागानंच विचारलं. ती म्हणली, "वहिनी, तारखेला गेलं की खाडा पडतोय. द्राक्षाच्या बागेत डिपिंगला जाते मी, तीनशे रुपये रोज, तो बुडतोय, वर गाडीभाडं, झेरॉक्स, पोराला कुणाकडं तरी ठेवायचं त्याचं. आणि दोन खाडे पडले की मुकादम दुसरीला घेतोय."

म्हणजे बघा, कायदा आहे, वकील आहे, अधिकारी आहे, आणि बाई कोर्टात पोचत नाही ती चारपाचशे रुपयांसाठी. कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा, पण प्रत्यक्षात तारखा कशा लांबतात हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. प्रत्येक तारखेला एवढे पैसे बुडवायचे तर किती दिवस बुडवणार. शेवटी भाऊ म्हणतो जा परत, जुळवून घे. माझ्या मते निम्म्या बायका अशाच परत जातात, मार सहन होतो म्हणून नाही.

तर आमचं ठरलं ते एवढंच. मोठी संस्था काढायची नाही, आश्रम बांधायचा नाही. केस चालू असलेल्या बाईला तारखेचा खाडा आणि भाडं द्यायचं, रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला रिक्षा आणि पहिल्या दोन दिवसांचा खर्च द्यायचा, आणि उरलेल्या पैशात शाळा कॉलेज कारखान्यावर जाऊन लोकांना सांगायचं की मदत कुठं आहे. गटातल्या एक जाऊबाई म्हणल्या एवढ्याशा गोष्टीला कोण वर्गणी देणार, लोकांना इमारत दिसली पाहिजे, पाटी दिसली पाहिजे. तो मुद्दा खराच निघाला, पुढं सांगते.

परवानगीचं आधी. गणपती मंडळाची पोरं घेतात तीच परवानगी आपल्यालाही लागते, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. तुमचा ट्रस्ट रजिस्टर नसेल आणि लोकांकडून चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायचे असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, त्याचं कलम ४१ क, त्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं अर्ज करायचा. ऑनलाइन होतो. आमच्याकडून गटाचा ठराव, सगळ्यांची आधार कार्डं, जागा कुठली त्याचा पुरावा आणि एका माजी नगरसेवकांचं पत्र एवढं गेलं. परवानगी सहा महिन्यांपुरती असते, म्हणून तारखा बघून अर्ज करा, आम्ही अशा हिशोबानं केला की दिवाळीनंतरचा काळ, संक्रांत, ऊसतोडीचा सीझन सगळं त्यात बसेल. माझं कामच हिशोबाचं असल्यामुळं मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, पावतीशिवाय एक रुपया कुणी हातात घ्यायचा नाही, अगदी सख्ख्या मामानं दिला तरी. पावती पुस्तकं नंबर टाकून छापली. बचत गटाचं खातं आहे त्यातच भरूया असं काहीजणी म्हणत होत्या, ते मी होऊ दिलं नाही. गटातल्या बायकांची बचत आणि लोकांची वर्गणी एकत्र झाली की उद्या दोन्ही बाजूंनी संशय. वेगळं खातं काढलं, दोघींच्या सह्या. बँकेत जरा त्रास झाला, कागद परत परत मागितले, पण झालं.

काही मोठे व्यापारी म्हणाले ८० जी ची पावती द्या मग देतो. ती आमच्याकडं नव्हती, ती रजिस्टर संस्थेला इन्कम टॅक्सवाल्यांकडून घ्यायला लागते. त्यांना आम्ही सरळ सांगितलं की आमच्याकडून टॅक्सची सवलत मिळणार नाही, आणि तशीही २००० च्या वरची रोख दिली तर ८० जी असूनही सवलत मिळत नाही, चेकनं नाहीतर ऑनलाइनच द्यायला लागतं. त्यातले काहीजण तरीपण देऊन गेले.

आता वर्गणी. मार्केट यार्डात मी ओळखीची, म्हणून सुरुवात तिथनं. मला वाटलेलं अडत दुकानदार देतील आणि हमाल लोकांकडं मागायलाच नको, त्यांचीच कमाई पोत्यावर. झालं उलटं. दुकानदारांपैकी बरेचजण "बघू, मालकांना विचारतो" म्हणून टोलवत राहिले आणि हमालांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून पावत्या फाडल्या, पन्नास, शंभर. एक वयस्कर मामा म्हणले, "माझी लेक अशीच आली होती परत पोरी, सहा महिन्यांनी आम्हीच पाठवली तिला. लिही माझे दोनशे." पुढं काही बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही.

वाळवा तालुक्यात गेलो तिथं एका म्हाताऱ्या माणसानं आम्हाला अंगणात बसवून घेतलं. त्याच्या आईवडिलांचं लग्न पत्री सरकारच्या, म्हणजे नाना पाटलांच्या इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या, काळात गांधी पद्धतीनं झालेलं, हार घालून, बिनाहुंड्याचं. तो म्हणाला नाना पाटलांच्या मुलखात बाईला मारणाऱ्याला गावात मान नव्हता. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांचं नाव त्यानंच काढलं, प्रतिसरकारात काम केलेल्या, आणि नंतर म्हातारपणातही टाकून दिलेल्या बायकांसाठी, परित्यक्तांसाठी, मोर्चे काढणाऱ्या. मला हे अर्धवट माहिती होतं, शाळेत आम्हाला पत्री सरकार म्हणजे ट्रेन लुटल्या आणि खजिना पळवला एवढंच शिकवलं. याच जिल्ह्यात चाळीस वर्षांपूर्वी टाकलेल्या बायका रेशन कार्ड वेगळं द्या, राहायला जागा द्या म्हणून रस्त्यावर आल्या होत्या हे पोरींना कुणी सांगत नाही. त्या दिवसानंतर प्रत्येक कार्यक्रमात आम्ही हे सांगायला लागलो. सावित्रीबाई साताऱ्याकडच्या नायगावच्या हे सगळ्यांना पाठ असतं, पण आपल्या आजीच्या वयाची बाई आपल्याच तालुक्यात काय करत होती ते माहिती नसतं.

आणि जे लोक म्हणायचे "आपल्याकडं तसलं काय होत नाय, ते तिकडं बिहार युपीला", त्यांना मी म्हैसाळची आठवण करून द्यायचे. २०१७, मिरज तालुका, ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. लांबचं नाही, गाडीवर अर्ध्यापाऊण तासाचं अंतर. सरकारच्याच २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याचा हिंसाचार सोसलाय असं आलंय, आणि देशभरात मारहाण सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडं मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. मी हे आकडे आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर सांगितले तेव्हा समोर चौघं उभे होते, सगळे गप्प झाले.

जाऊबाईंचा पाटीचा मुद्दा खरा निघाला तो इथं, मोठी रक्कम एका माणसाकडून मिळणार होती. नाव लिहीत नाही. त्याला दोन गोष्टी पाहिजे होत्या, चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स, आणि ज्या बायकांना पैसे दिले त्यांच्याबरोबर फोटो. फ्लेक्सवर आमच्यात चर्चा झाली, काहीजणींना चालत होता, मलाही एक वेळ चालला असता. पण बाईचा फोटो म्हणजे तिचा नवरा तिला शोधत असतो, ती कुठं राहते, कुणाबरोबर आहे, कुणी मदत केली हे त्याला कळलं की तिचं काय होईल. आम्ही नको म्हणलं. ते पैसे सोडले, आणि तेवढे पैसे नंतर पन्नास पन्नासच्या पावत्यांनी भरून काढायला फार फिरायला लागलं. तरी परत तशी वेळ आली तर परत नकोच म्हणेन. आमच्या वहीत बाईचं नाव सुद्धा नाही, नंबर आहे, आणि नंबर कुणाचा हे दोघींनाच माहिती. हिशोब सगळ्यांना खुला, नाव कुणालाच नाही. वर्गणी देणाऱ्याला हे आधीच सांगायचं, म्हणजे मागनं वाद होत नाही.

संक्रांतीचं हळदी-कुंकू हे आमचं सगळ्यात चांगलं जमलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी चालू असतं, प्रत्येक घरी वाण, प्लास्टिकचे डबे, गाळण्या, वाट्या, कपाटात ठेवायला जागा उरत नाही. आम्ही विश्रामबागेतल्या आणि मिरजेतल्या ओळखीच्या घरांत विचारलं की यंदा वाणाचे पैसे आम्हाला द्या, वाण आम्ही देतो. वाण म्हणजे सुईदोऱ्याचं पुडकं, आत दुमडलेला कागद, त्यावर १८१ महिला हेल्पलाइन, ११२ पोलीस, १०९८ लहान मुलांसाठी, १९३० सायबर फसवणुकीसाठी, १५१०० मोफत वकिलासाठी. सुईदोराच का, तर घरातला पुरुष सगळं उघडून बघेल पण सुईदोऱ्याचं पुडकं उघडत नाही. ही आयडिया आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या एका काकूंची, त्यांच्याच घरात पर्स तपासली जायची म्हणून त्यांना सुचली.

विधवा बायकांना बोलवायचंच असं ठरलेलं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ ला ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं, त्याला आता दिवस झाले, तरी एका घरी सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. ज्यांच्या घरी कार्यक्रम होता त्या वहिनींनीच उठून पहिलं कुंकू त्यांच्या विधवा नणंदेला लावलं. त्या नणंदेनं त्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं की दीर शेतातला हिस्सा देत नाही आणि घरातनं बाहेर काढायला बघतोय. तिला माहितीच नव्हतं की २००५ चा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नाही. सासरच्या घरात राहायचा हक्क तिलाही आहे, दीर असला तरी. मारणं म्हणजेच हिंसा असं पण नाही, पैसे काढून घेणं, खर्चाला न देणं, घराबाहेर काढणं हे पण त्यात येतं. लाडकी बहीणचे १५०० खात्यात आले की नवरा एटीएम कार्ड घेऊन जातो असं सांगणाऱ्या बायका आम्हाला इतक्या भेटल्या, आणि त्यातल्या एकीलाही ही कायद्यात बसणारी गोष्ट आहे असं वाटत नव्हतं.

भोगीला आम्ही ताटं विकली, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, मुगाची खिचडी, लोणी. पहाटे चारला उठून भाकऱ्या बडवल्या. पैसे बरे आले पण दमछाक फार, पुढच्या वेळी ऑर्डर आधी घेऊनच करणार.

आता पोरांचं लिहिते कारण माझ्या मनात सगळ्यात जास्त तेच राहिलंय. नोव्हेंबरच्या २५ तारखेपासून १० डिसेंबरपर्यंत जगभर महिलांवरच्या हिंसेविरुद्ध सोळा दिवस पाळतात, २५ तारीख ही डॉमिनिकन रिपब्लिक देशातल्या मिराबाल बहिणींची, १९६० साली तिथल्या हुकूमशहानं तिघींना मारलं त्या दिवसाची आठवण, १० डिसेंबर मानवी हक्क दिन. त्या दिवसांत आम्ही कॉलेजं आणि एक आयटीआय धरलं. मुलींसमोर बोलायला सगळेच कार्यक्रम घेतात, सेल्फ डिफेन्स शिकवतात. आम्ही हट्टानं मुलांचा वेगळा तास मागितला. एका ठिकाणी सर म्हणाले, "मुलांना काय सांगणार, ती दंगा करतील." सुरुवातीला केलाच. कॉलेजच्या पोरांनी पथनाट्य बसवलेलं, विष्णुदास भाव्यांचं गाव हे, पोरांना नाटक शिकवायला लागत नाही. ते झाल्यावर आमच्याबरोबरच्या वकील ताईंनी सांगितलं की चिठ्ठीवर प्रश्न लिहा, नाव लिहू नका. मी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वाचायला घेतल्या.

पहिल्या काही चिठ्ठ्या टवाळीच्या. मग एक अशी, "ती नाही म्हणली तरी रोज तिच्या स्टॉपवर उभा राहिलो तर गुन्हा आहे का." ताईंनी शांतपणे सांगितलं, आहे, पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम ७८, आणि मोबाइलवर मेसेज करकरून छळणं पण त्यातच. हॉल जरा शांत झाला. मग दुसरी, "मित्रानं एका मुलीचा फोटो एडिट करून ग्रुपवर टाकला, मी फक्त फॉरवर्ड केला, माझ्यावर केस होईल का." मग एक, "मोठ्या मुलांनी हॉस्टेलवर कपडे काढायला लावले, मुलगा असला तर तक्रार करता येते का." येते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, अठराच्या आतला मुलगा असो मुलगी असो, दोघांनाही लागू. आणि अशी गोष्ट कळलेल्या मोठ्या माणसानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, लपवलं तर त्याच्यावरच केस होते. हे ऐकून मागं उभे असलेले सर पुढं येऊन बसले.

आणि एक चिठ्ठी होती, अक्षर वाईट, पेन्सिलनं. "बाप पिऊन आईला मारतोय. मी मधी पडलो तर माझ्यावर केस होतीया का."

मला ती मोठ्यानं वाचवेना. ताईंच्या हातात दिली. त्यांनी वाचली आणि म्हणल्या की ज्यानं हे लिहिलंय त्यानं नीट ऐक, आणि बाकीच्यांनी पण ऐका कारण शेजारच्या घरात असं चालू असेल तर तुम्हालाही हे लागू आहे. घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम ४, अशी हिंसा होतेय असं ज्याला कुणाला वाटतं तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. पोरगा, शेजारी, मास्तर, दुकानदार, कुणीही. आणि चांगल्या मनानं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर कसलीच केस होत नाही. मारहाण चालू असताना बापाच्या अंगावर जाऊ नको, घराबाहेर पळ, ११२ लाव, आईला आणि भावंडांना बाहेर काढ. तू अठराच्या आत असशील तर १०९८. मग त्यांनी फळ्यावर नंबर लिहिले आणि म्हणल्या सगळ्यांनी लिहून घ्या, म्हणजे कुणी लिहिलंय ते कुणाला कळणार नाही. सगळ्या हॉलनं लिहून घेतले. एकही पोरगा हसला नाही. मुलांना काही सांगून उपयोग नाही असं जे म्हणतात त्यांनी त्या दिवशी तिथं असायला पाहिजे होतं, खरंच.

कलम ४ हे आम्ही त्यानंतर प्रत्येक ठिकाणी पहिलं सांगायला लागलो. कारण लोकांचा समज एवढा पक्का आहे की नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये. एका पोलीस ठाण्यात आमच्यासमोरच एका बाईला सांगितलं गेलं, "घरातलं घरात मिटवा, कशाला कोर्टकचेरी करताय." ती बाई उठून निघाली होती. आमच्यातल्या एकीनं तिथंच सांगितलं की साहेब, एफआयआर नको असेल तरी संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आणि वन स्टॉप सेंटरची माहिती देणं हे तुमचंच काम आहे, कायद्यात आहे. मग दिला पत्ता. वन स्टॉप सेंटर म्हणजे सखी केंद्र, सरकारचं, २०१५ पासूनची योजना, तिथं थोडे दिवस राहायची सोय, डॉक्टर, समुपदेशन, वकील सगळं एका जागी मिळावं असा उद्देश. आमच्या पैशांचा एक भाग नुसता बायकांना तिथपर्यंत पोचवायच्या रिक्षात गेला, आणि मला तो सगळ्यात चांगला खर्च वाटतो.

ऊसतोड टोळ्यांवर पण गेलो. कारखान्यांच्या आसपास बीडकडनं आलेली जोडपी, खोपीत राहतात, नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, उचल, म्हणजे आगाऊ मिळणारी रक्कम, दोघांची एकत्र आणि ती नवऱ्याच्या हातात. पहाटे तीनला फडात. तिथं कार्यक्रम कसला घेणार, बायका आठ वाजता आडव्या होतात. आम्ही रविवारी बाजाराच्या वेळेला जाऊन भेटलो, मुकादमाला आधी विचारून, नाहीतर तो येऊ देत नाही. माईकवरनं भाषण द्यायचं नाही असं ठरवलेलं, जमिनीवर बसून बोललो. तिथल्या बायकांना नंबरांपेक्षा दिवाबत्ती आणि संडासचा विषय महत्त्वाचा होता, रात्री अंधारात उसात जायला लागतं, भीती तिथंच आहे. आमच्या पैशातून काही बॅटऱ्या घेऊन दिल्या. गटात एकीनं विचारलं हे आपल्या कामात बसतं का. मला वाटतं पूर्ण बसतं. आणि तिथंच कळलं की पंधरा सोळा वर्षाच्या पोरीचं लग्न लावतात कारण कोयता पूर्ण होतो आणि पोरगी एकटी गावाकडं ठेवायची भीती असते. ते थांबवायला गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो हे त्यांना माहिती नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एका ग्रामसेवकांनाही आम्हीच आठवण करून दिली.

पैसे कसे वाटले ते लिहिते कारण हे विचारणारे जास्त होते. तारखेच्या दिवशी बाई कोर्टातनं तारखेची चिठ्ठी किंवा वकिलाचा मेसेज दाखवते, त्यावर खाडा आणि भाडं लगेच हातात. अर्ज नाही, शिफारस नाही, तुझं चारित्र्य काय असले प्रश्न नाहीत. एसटीला बायकांना २०२३ च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे त्यामुळं भाड्याचे पैसे कमी लागले, पण बरोबर भाऊ किंवा वडील आले तर त्यांचं पूर्ण तिकीट. झेरॉक्सचा खर्च आमच्या अंदाजाच्या बाहेर गेला, एकेका केसला केवढे कागद. मोबाइल रिचार्ज हा एक खर्च आम्ही धरलाच नव्हता, तो नंतर घातला, कारण रिचार्ज संपला की वकिलाचा फोन लागत नाही आणि तारीख चुकते. काहीजण म्हणले बाया खोटं सांगून पैसे घेतील. तारखेची चिठ्ठी बघितल्याशिवाय पैसे जातच नाहीत, त्यामुळं तशी वेळ आली नाही.

सगळ्याच बायका टिकल्या असं नाही. एक परत सासरी गेली, तिचा फोन लागत नाही आता. तिच्यासाठी ठेवलेले पैसे आम्ही तसेच ठेवलेत, तिच्या नंबरापुढं. सुरुवातीला सांगितलेल्या ताईला कोर्टानं राहायच्या जागेचा आणि खर्चाचा तात्पुरता आदेश दिला, केस अजून चालू आहे, पण त्यानंतर तिची एकही तारीख चुकलेली नाही.

परवानगीची मुदत संपायच्या आधी आम्ही हिशोब वाचून दाखवायची सभा घेतली, मार्केट यार्डातच, वर्गणी दिलेल्या सगळ्यांना बोलावून. मी एक एक पान वाचलं, पावती पुस्तकं टेबलवर ठेवली, ज्याला बघायची त्यानं बघा. दुकानदार थोडे आले, हमाल बरेच. झेरॉक्सच्या खर्चावर एकानं प्रश्न विचारला, बिलं दाखवली. मग ते वयस्कर मामा उठले आणि विचारलं, "खाडा किती धरलाय?" मी म्हणलं तीनशे. "आता बागेत साडेतीनशे चारशे चाललाय, तीनशेत बाई कशी येईल?" त्यावर अर्धा तास चर्चा झाली, पैसे किती शिल्लक, किती बायका, पुरतील का. मी तिथंच कागदावर मांडून दाखवलं की चारशे धरला तर शिल्लक पावसाळ्यापर्यंतच जाते आणि नवीन परवानगी काढून परत फिरायला लागेल. मामांनी खिशातनं पैसे काढून टेबलवर ठेवले, मी हे पैसे आता नाही घेता येणार म्हणलं, मुदत संपत आलीये, नवीन परवानगी आली की घेते. ते म्हणले, "मग लवकर काढ." खाडा चारशे ठरला, अर्ज गेलाय.